मी दिलेला शेक

“हे आता नुसतं दातदुखीचं राहिलं नाही. दाढेतला पू जबड्याखाली उतरून गळ्याकडे निघालाय. याला स्पेस इन्फेक्शन म्हणतात.”

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर सांगत होते आणि मी माझ्या धाकट्या भावाकडे, सुरेशकडे बघत होते. त्याची हनुवटी आणि मान एक झाली होती. जीभ वर ढकलली गेलेली, स्वतःची लाळही गिळता येईना. डॉक्टरांना गालावर भाजल्याचे चट्टे दिसले.

“शेक कोणी दिला?”

मी सुरेशची लाळ पुसत राहिले.

मी साक्रीजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. कोणाचं काही दुखलं-खुपलं की बाया आधी माझ्याकडे येतात. सुरेश साक्री-धुळे जीप चालवतो. त्याची खालची दाढ वर्षभर किडलेली होती. दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रूट कॅनाल करा, म्हणजे आतली किडलेली नस साफ करून दाढ भरून घ्या. नाहीतर काढून टाका. मीच मोडता घातला. दाढ काढली की नजर कमी होते, तू गाडीवरचा माणूस, असं म्हटलं. पोरांना रोज दात घासायला शिकवणारी मी! वर दाढेत मशेरी दाबायला दिली. गाल सुजला तेव्हा तव्यावर खडेमीठ तापवून पुरचुंडीने तीन दिवस शेकलं. चौथ्या दिवशी ताप भरला आणि तोंड उघडेना.

“बाहेरून शेकल्याने सूज वाढते, पसरू शकते. आणि दाताचा नजरेशी काही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाले. श्वास अडला तर गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, म्हणून सही घेतली.

ऑपरेशन झालं. जबड्याखाली दोन छेद देऊन पू काढला, दाढ काढली आणि उरलेला पू वाहून जावा म्हणून जखमेत ड्रेन, म्हणजे रबरी नळी ठेवली. नशीब, गळ्याला भोक पाडायची वेळ आली नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी स्वतःला शिव्या घालत होते. मेले, तुला कोणी डॉक्टर केलं होतं? भाऊ गेला असता तर भावजयीला काय तोंड दाखवलं असतं?

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुरेशलाच शेकाचं विचारलं. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने कागदावर लिहिलं, ‘मीच दिला.’ डॉक्टर त्याच्यावर चांगलेच तापले. माझ्यापायी जीव टांगणीला लागलेला माणूस माझ्याच वाट्याची बोलणी खात होता! मला राहवेना.

“डॉक्टर, शेक मी दिला. दाढही मीच काढू दिली नाही.”

त्यांनी सुरेशचा कागद बाजूला ठेवला. “गावात तुमचं ऐकतात ना? मग हेच तिथे सांगा.”

दहाव्या दिवशी घरी आलो. सुरेशला ट्रिसमस होता, म्हणजे जबडा आखडल्याने तोंड पुरतं उघडत नाही. अजून दोन बोटंच उघडतं. लाकडी पट्ट्या दातांत धरून व्यायाम चालू आहे. तरी आता सगळं बरं आहे म्हणतो, “आते बठ्ठं बरं शे, अक्का.” त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मातांच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. दात किडला तर लवकर दाखवा. दुखणं थांबलं म्हणजे कीड गेली असं नाही. गाल सुजला तर शेकू नका, मशेरी दाबू नका. ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर तडक मोठा दवाखाना गाठा. आणि शेक देऊन, मशेरी दाबायला लावून मीच माझ्या भावाला मरणाच्या दारात नेलं, तेही सांगितलं.

बाया गेल्या. एक मागे थांबली. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला. गाल टम्म फुगलेला, शेकून लाल झालेला.

“अगं, कोणी सांगितलं शेकायला?” मी ओरडलेच.

“तूच सांगेल व्हतं ना, अक्का. मागल्या साली.”

तिला घेऊन मी तशीच धुळ्याची गाडी धरली.