टोप्या काढून बसलो

पन्नालालजींच्या छातीवर लाल रंगाचा गोळा फुटला तेव्हा त्यांचा उजवा हात कपाळाला होता. सॅल्यूट ठोकत होते ते. टायरांच्या आडून उठून, टाचा जुळवून. समोर बंदूक रोखलेले साहेब. साहेबांनी सॅल्यूट पूर्ण होऊ दिला, मग घोडा दाबला.

सगळं मैदान हसलं. कुणीतरी मोबाइल धरलेलाच होता. "सर, एक बार और करवाओ ना, ठीक से नहीं आया!" साहेबांनी त्यांना पुन्हा उभं केलं. पुन्हा सॅल्यूट. पुन्हा गोळा. या वेळी गळ्याजवळ.

आणि मी हसले.

साहेब हसले, स्टाफ हसला, हे मी कुणालाही सांगते. मी हसले हे सांगायची वेळ आली की जीभ जड होते. आज सांगते.

मी सिक्युरिटी गार्ड आहे. इंदूरला, विजय नगरच्या एका काचेच्या बिल्डिंगच्या गेटवर. पन्नालालजीही तिथलेच. साठी ओलांडलेले. आधी तीस वर्षं सियागंजला किराण्याच्या गोदामाची राखण केली त्यांनी. मी नवीन लागले तेव्हा रजिस्टर कसं लिहायचं, कुणाची बॅग उघडायची, कुणाची उघडली की वरून फोन येतो, सगळं त्यांनीच शिकवलं. मला बेटा म्हणायचे. मी त्यांच्यावर हसले.

साहेब म्हणजे वरच्या मजल्यावरच्या कंपनीतले मोठे अधिकारी. मराठी. पहिल्या दिवशी मला फोनवर आईशी बोलताना ऐकून थांबले. "अरे वा, आपली मराठी! आडनाव काय गं तुझं?" इंदूरच्या मराठी माणसाला हे विचारल्याशिवाय चहा पचत नाही. मी आडनाव सांगितलं. राहते मिल एरियात, आजोबा खानदेशातून मिलमध्ये कामाला आले होते, तेही सांगून टाकलं. बावळट मी. साहेबांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "अच्छा. गाड़ी का काँच साफ करवा देना." तेव्हापासून आमच्यात फक्त हिंदी. घरी आई म्हणाली, "आडनाव कळेपर्यंतच मराठी असते त्यांची."

तरी मला त्या माणसाकडून एक गोष्ट हवी होती. कंट्रोल रूमची जागा. कॅमेऱ्यांसमोर खुर्चीवर बसून काम. डोक्यावर पंखा. आणि शेजारी बाथरूम. बारा तास गेटवर उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा बाथरूम म्हणजे काय असतं ते. साहेबांनी शब्द टाकला तर गार्ड पुरवणारी आमची एजन्सी जागा देणार होती. दोनदा म्हणालेही होते, "देखते हैं."

त्या वर्षी कंपनीची पिकनिक मानपुरला होती. हायवेपासून आत, एका फार्महाउसवर. या खेपेला आम्हा चार गार्डनाही बसमध्ये घेतलं. मी, पन्नालालजी, राकेश आणि गोलू. आम्हाला वाटलं, चला, मान दिला. मी युनिफॉर्मला दोनदा इस्त्री केली. तिथं पोचल्यावर समजलं की आम्हाला खेळायला नाही, खेळवायला आणलंय.

खेळ रंगाच्या गोळ्यांचा. मैदानात टायर, ड्रम आणि पोती रचून एक किल्ला केलेला. मधे झेंडा. आम्ही चौघांनी तो राखायचा, स्टाफच्या आठ-आठ जणांनी हल्ला करायचा. गोळा लागला की बाद. बंदुका आम्हालाही दिल्या, पण जाड जॅकेटं स्टाफपुरतीच होती. आम्हाला नुसते चष्मे. साहेब माइकवर म्हणाले, "आज देखते हैं हमारी सिक्युरिटी कितनी सिक्योर है!" मग माझ्याजवळ येऊन हळूच, "जल्दी मत हारना. फोटो निकालने हैं. जीतना भी मत."

मी म्हटलं, "जी सर."

पण जिंकायचं कुठं येत होतं आम्हाला? पहिल्या डावात चौघंही समोर बघत बसलो. ते मागच्या बोरीच्या झुडपांतून आले. पाठीवर गोळे फुटले, वळायच्या आत झेंडा गेला. गोळा लागतो तिथं चामडी जळते हो. दुसऱ्या डावात शहाणे झालो, चार बाजूंना चौघं बसलो. डावीकडं आरडाओरडा झाला आणि आम्ही चौघंही डावीकडं पळालो. उजवीकडून एक पोरगी चालत आली आणि झेंडा घेऊन गेली. चालत! आवाज आला की धावायचं, हेच तर अंगात मुरलंय आमच्या. हॉर्न वाजला की गेट, बेल वाजली की जिना.

तिसऱ्या डावात कुणी जागा सोडली नाही. आठातले पाच बाद झाले. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात साहेब पन्नालालजींच्या बाजूनं आले, आणि पुढचं सांगितलंच. खोटं कशाला बोलू, त्याआधीच्या डावात एचआरच्या मॅडम समोर दिसल्या तेव्हा मीही अर्धी उठले होते. कुणी बघितलं नाही एवढंच. मग मी का हसले? साहेब हसता हसता माझ्याकडं बघत होते म्हणून. ते हसले की मी हसायचं, आणि कंट्रोल रूम मिळायची. इतका सरळ हिशोब. थू माझ्या जिनगानीवर.

जेवायला दाल-बाफले होते, दाल-बाटीसारखेच. आम्हाला सगळ्यांच्या शेवटी, बसच्या मागं. पन्नालालजींच्या गळ्यावर काळानिळा डाग उठला होता. बाफला कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "तू भी हँसी थी बेटा?"

"नहीं जी."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं मीच म्हटलं, "हँसी थी. कंट्रोल रूम चाहिए मेरे को."

"तो मिल जाएगी," म्हणाले. टोमणा नव्हता. खरंच माझ्यासाठी बरं वाटलं होतं त्यांना. त्यापेक्षा कानाखाली जाळ काढला असता तर बरं झालं असतं. मला तिथंच बसच्या चाकाखाली जाऊन पडावंसं वाटलं.

जेवणानंतर एक डाव बाकी होता. गोलू म्हणाला, पडून राहू, दोन गोळे खाऊ, संपलं. मी म्हटलं, "नहीं." का म्हटलं ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. पन्नालालजींनी हात पुसले. मग बोलले. गोदामाला दोन शटर होती. चोर एका शटरवर दगड मारायचे आणि दुसऱ्यानं आत शिरायचे. "हल्ला जिधर हो, उधर एक देखे. बाकी अपनी जगह से हिले नी. और अपनी नी, बाजू वाले की पीठ देखो." एवढी साधी गोष्ट. तीन डाव मार खाल्ल्यावर आम्ही त्यांना विचारली.

"और साहब सामने आए तो?" मी विचारलं.

"दिमाग तो बैठा रेता है बेटा. पाँव नी मानते."

मग राकेशनं डोक्यावरची टोपी काढली. एजन्सीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी घोकून घेतात, डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. आम्ही चौघांनी टोप्या काढल्या आणि बसच्या सीटवर ठेवून आलो. पन्नालालजींनी सगळ्यात शेवटी काढली. पांढरे केस घामानं चिकटलेले. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी बघितलंच नव्हतं.

चौथा डाव. डावीकडं बोंबाबोंब झाली, एकटा गोलू वळला. झुडपांत पानं हलली, राकेशनं दोघांना तिथंच रंगवलं. पाय उठूच नयेत म्हणून पन्नालालजी मांडी घालून बसले होते आणि माझी पाठ राखत होते. एकेक करून सातजण बाद झाले. मैदानातलं हसणं थांबलं.

मग साहेब आले. लपत नाही, वाकत नाही. बंदूक खाली सोडून, सरळ चालत. ऑफिसच्या लॉबीतून यावं तसे. "चलो, बहुत हो गया. खड़े हो जाओ सब."

राकेश उठायला लागला. मी त्याला पट्टा धरून खाली ओढलं. माझ्याही पायांत तेच चाललं होतं. गुडघे आपोआप उठू बघतात, देवाशप्पथ. मी बसून राहिले आणि घोडा दाबला.

हिरवा गोळा. बरोबर छातीवर.

कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी जॅकेटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि एकदम मराठीत आले. "अगं, कुणाला मारलंस कळतं का तुला?"

"कळतं साहेब. तुम्ही बाद झालात. बाजूला बसा."

सोमवारी एजन्सीचा सुपरवायझर टाइप केलेला माफीनामा घेऊन आला. पन्नालालच्या चिथावणीवरून मी साहेबांशी बेअदबी केली, असं त्यात लिहिलं होतं. "साइन कर दो मैडम. कंट्रोल रूम आपकी. बुड्ढे को तो वैसे भी हटाना है." पेन माझ्या हातात दिलं त्यानं. खरं सांगते, पेन मी धरलं. खुर्ची दिसली मला, पंखा दिसला, ते बाथरूम दिसलं. मग मी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "गोली मैंने मारी. मेरे अकेली के नाम का कागज लाओ. माफी का नहीं."

जागा दुसऱ्याला गेली. मला बेसमेंटच्या पार्किंगला टाकलं. तिथं पंखा नाही आणि बाथरूम तीन जिने वर. माझी सही नसल्यानं पन्नालालजींना हटवता आलं नाही. ते अजून मेन गेटवर आहेत आणि साहेब आले की अजून उठतात. मी त्यांना काही म्हणत नाही. त्यांना काही म्हणायचा हक्क मी मानपुरला घालवला. त्यांची माफी मागितली, त्यांनी हसून हात हलवला. माझी लाज काही गेली नाही. जाऊही नये.

माझ्या ड्यूटीची यादी मी एजन्सीकडून मागून घेतली आणि दोनदा वाचली. गेट उघडणे, नंबर लिहिणे, पास बघणे. सॅल्यूट कुठंच नाही. म्हणजे मी गेट उघडायला उठेन. पास बघायला उठेन. कुणी चक्कर येऊन पडलं तर धावेन. माणूस बघून उठणार नाही. साहेबांची गाडी रोज येते, मी बसून नंबर लिहिते. ते रोज काचेतून बघतात. बघू देत. इथून काढलं तर दुसऱ्या गेटवर जाईन, आणि तिथंही पहिल्या दिवसापासून बसूनच लिहीन.