आईच्या फोटोचा फ्लेक्स

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर दर मंगळवारी दुपारी ती रायपुरातल्या आमच्या गुढियारीच्या घरात प्रार्थना घ्यायची. उरल्याहून, बीरगावहून बायका यायच्या. बहुतेकींचे नवरे लोखंडाच्या कारखान्यांत. आई कुणाची जखम धुऊन द्यायची, कुणाचं नुसतं ऐकून घ्यायची आणि शेवटी डोळे मिटून येशूकडे मागायची.

एकीचा नवरा भट्टीपाशी भाजला होता. आईनं दोन महिने त्यांच्या घरी जाऊन पट्ट्या बदलल्या. तो चालायला लागला तशी ती बाई आईच्या पायांवर पडली. आई झटकन मागे सरली.

"मेरे नहीं. जिसने ठीक किया, उसको बोलो."

मला हे खटकायचं. राबायची आई आणि नाव भलत्याचंच, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे. रायपूर राजधानी झाल्यापासून चौकाचौकांत ज्याच्या त्याच्या चेहऱ्याचे फ्लेक्स लागले होते. मीही एक करून आणला आणि दारावर टांगला. आईचा मोठा हसरा फोटो, कोपऱ्यात बोटभर क्रूस. आई बाजारातून आली आणि हातात पिशवी तशीच धरून बघत राहिली.

"हे काहून लावलं?"

"लोकांना घर सापडावं म्हणून."

"मी त्याइले येशूकडं पाठवून राहिली, न तू माह्या तोंडानं त्यालेच झाकून टाकलं."

साठी उलटलेली बाई, स्टुलावर चढून तिनं स्वतःच तो उतरवला.

पुढे बीरगावात एका प्रचारकानं हॉल घेतला. माइक, ढोलक, सभेनंतर जेवण. आमच्याकडच्या बायका तिकडे वळायला लागल्या. दोघी-तिघी विचारायला आल्या, तर आई म्हणाली, "वहाँ भी उसी का नाम लेते हैं ना? जाओ." त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी त्या भाजलेल्या माणसाच्या घरी गेले. त्याच्या बायकोला म्हटलं, एकदा भेटून जा. तिनं मला आत बोलावलं नाही.

"दीदी, हमारे हॉल वाले प्रचारक भैया दूसरी जगह जाने को मना करते हैं."

आपण कसे बरे झालो याची साक्ष नवरा हॉलमध्ये दर रविवारी सगळ्यांपुढे देतो, हेही तिनं कौतुकानं सांगितलं.

घरी येऊन मी सगळं आईला ऐकवलं. तिला लागावं म्हणूनच ऐकवलं. "तुझं नावही घेत नाही तो."

"येशूचं घेते ना?"

"घेतो."

"मंग झालं."

आणि ती समाधानानं कुशीवर वळली. त्या बाईपेक्षा मला आईचाच जास्त राग आला.

दफनाला पंधरा-वीस माणसं होती. मंगळवारच्या बायकांपैकी एकही नाही.

महिन्याभरानं एका मंगळवारी दार वाजलं. अनोळखी बाई, थकलेल्या सासूचा हात धरून उभी. आई गेल्याचं मी सांगितलं.

"तो दीदी, आप ही कर दो ना प्रार्थना."

मला प्रार्थना येते. बोलायला लागल्यापासून येते.

"मुझे नहीं आती," मी म्हटलं आणि कडी लावली. त्या बराच वेळ पायरीवर बसून होत्या. म्हातारीचा खोकला आतपर्यंत ऐकू येत होता. मी उठले नाही.