प्रॉम्प्टरची मुलगी

सर्वण गावच्या नाटकमंडळाच्या जाहिरातीवर रघुनाथचं नाव एकतीस वर्षं छापून येत होतं. पण राजा, राणी, खलनायक, पेटी, तबला, रंगभूषा, मंडप आणि चहाची व्यवस्था या सगळ्यांच्या खाली. दोनदा तर कागदच संपला म्हणून तेही राहिलं. रघुनाथने कधी तक्रार केली नाही. प्रॉम्प्टर दिसला तर नाटक पडलं आणि ऐकू आला तर गाव हसलं, एवढंच त्याचं शास्त्र.

गोव्यातला माणूस भांडतो कोकणीतून आणि रंगमंचावर रडतो मराठीतून. सर्वणात त्या रडण्याचं प्रत्येक वाक्य आधी रघुनाथच्या तोंडून निघायचं. दिवसभर तो डिचोलीच्या बाजारात कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरून उभा असे; जत्रेच्या नाटकाला डाव्या विंगेत, पालथ्या बालदीवर बसलेला. त्याची कुजबूज नटाच्या कानापर्यंत जायची आणि तिथेच उतरायची. पहिल्या रांगेतल्या सरपंचाला त्यातलं अक्षर पोचत नसे.

अशा माणसाच्या मुलीने, सेजलने, बारावीनंतर सांगितलं की आपण सिनेमा शिकणार. पणजीकडच्या एका कॉलेजात फिल्म आणि व्हिडिओ प्रॉडक्शनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शेजाऱ्यांनी हे शिकून कुठल्या सरकारी खात्यात घेतात याची चौकशी केली. आई देवकीने संध्याकाळची शेवटची बस किती वाजता ते विचारलं. रघुनाथने बराच विचार करून एकच प्रश्न काढला.

"तिथे प्रॉम्प्टर असतो?"

"नाही बाबा. चुकलं तर रीटेक असतो. परत करायचं."

"चुकलं तर परत करायला मिळतं?" रघुनाथला हे जरा लबाडीचंच वाटलं. "मग त्यात भय ते कसलं?"

पण पहिल्या दिवशी डिचोलीच्या बसस्टँडवर सोडायला तोच आला, आणि बस हलेपर्यंत मीटरपट्टीसारखा ताठ उभा राहिला.

सेजल शिकली ती जीव ओतून. पहिल्या वर्षी तिला घरातल्या प्रत्येक वस्तूवरचा उजेड दिसू लागला. आई फोडणी घालायला गेली की ही "थांब गे, जरा डावीकडे हो" म्हणायची, आणि त्या वर्षात घरातली भाजी जितकी करपली तितकी आधीच्या वीस वर्षांत करपली नसेल. दुसऱ्या वर्षी ती आवाजाकडे वळली. हेडफोन लावून परसात बसायची आणि नारळ पडला तर रेकॉर्ड झाला म्हणून खूश व्हायची. देवकी म्हणायची, तो नारळ सोलून पण ठेवायला शिकवतात का त्या कॉलेजात.

तिसऱ्या वर्षी प्रत्येकाने स्वतःची दहा मिनिटांची फिल्म करायची होती. ती बघून बाहेरचे परीक्षक एकाच विद्यार्थ्याला पुण्याच्या स्टुडिओत सहा महिने शिकायला पाठवणार होते. सेजलला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की त्याविषयी ती कुणाशी बोलायचीच नाही.

तिची गोष्ट साधी होती. नवरा जाऊन वर्ष झालेली एक बाई घरात एकटी राहते. इंग्लंडातला मुलगा फोनवर सांगतो, घर विकून टाकू, दिल्लीचं गिऱ्हाईक आलंय. बाई त्याला नाही म्हणते. सगळी फिल्म त्या दोन मिनिटांच्या फोनवर उभी होती. बाईच्या कामाला तिने शेवंतीआत्याला घेतलं.

शेवंतीआत्या म्हणजे रघुनाथची थोरली बहीण, तीस वर्षं मंडळाची राजमाता आणि सावत्र आई. आवाज असा की काजूच्या भाटातली माकडं पळावीत. आयुष्यात एकच गोष्ट तिने कधी केली नव्हती, ती म्हणजे पाठांतर. भाऊ विंगेत बसलेला असताना बहिणीने डोक्याला ताण का द्यावा?

एका रविवारी घरच्याच पुढच्या खोलीत शूटिंग लागलं. कॅमेऱ्यावर वर्गातला ओंकार, पेडण्याचा पोरगा. आवाजावर कानाला हेडफोन लावून स्वतः सेजल. पहिला टेक. शेवंतीआत्याने फोन उचलला, बोलायला लागली आणि सेजलच्या अंगावर काटा आला. मग तिच्या लक्षात आलं की काटा आत्यामुळे अर्धाच आलाय. प्रत्येक वाक्याच्या क्षणभर आधी तेच वाक्य आणखी कुणीतरी बोलत होतं. तिने पंखा बंद केला. सगळ्यांचे मोबाईल बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या बैठकीवर नेऊन ठेवले. दुसऱ्या टेकलाही तेच. तिसऱ्याला तिने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दाराआड रघुनाथ उभा होता, डोळे मिटून, ओठ हलवत. आठ दिवस घरात तालीम चालली होती. त्याला सगळं पाठ झालं होतं.

"बाबा, तुम्ही बोलताय."

"मी? मी कुठे बोललो?"

तो खोटं बोलत नव्हता. घोरणाऱ्याला आपलं घोरणं जेवढं ठाऊक असतं तेवढंच त्याला ते ठाऊक होतं.

त्याला परसात धाडलं. आत्याने फोन उचलला आणि ती गप्पच. थोड्या वेळाने तिने विचारलं, रघू कुठे गेला? तोंडात पानाचा विडा कोंबून त्याला परत आणला. आता आवाज बंद झाला. पण इंग्लंडातल्या मुलाशी बोलताना आत्याची नजर सारखी डाव्या कोपऱ्यात, भाऊ ओठ तरी हलवतो का बघायला. ओंकारला हसू आवरेना, कॅमेरा हलला, तोही टेक गेला. जनेलाच्या गजांतून येणारा उजेड उतरत चालला होता. सेजलचा तोल सुटला.

"बाबा, तुमचा आवाज नकोय मला माझ्या फिल्ममध्ये. कळत कसं नाही तुम्हाला?"

रघुनाथने विडा थुंकला, तोंड पुसलं. "बरं गे बाय," म्हणाला आणि दुकानाची पिशवी घेऊन डिचोलीला निघून गेला. रविवारी दुकान बंद असतं हे त्याला कुणी सांगितलं नाही.

राहिलेलं काम सेजलने आत्याला एकेक वाक्य सांगून, तुकड्यातुकड्यांनी उरकलं.

ते तुकडे जोडून तिने कॉलेजात सरांना दाखवले. सर म्हणाले, आवाज स्वच्छ आहे, पण बाई घरात नाही. खरंच होतं, आत्या रेशनकार्ड वाचून दाखवावं तशी बोलत होती. फिल्म द्यायला आठ दिवस उरले होते. सेजलने त्या रविवारचे ते बिघडलेले टेक काढले. कुजबूज खरवडून आत्याचा आवाज तेवढा वाचवता येईल का, म्हणून एडिटिंगच्या खोलीत हेडफोन लावून आवाज मोठा केला.

रघुनाथ नुसती वाक्यं सांगत नव्हता. दोन वाक्यांच्या मधे तो जे बोलत होता ते तिच्या संहितेत नव्हतंच. 'थांब.' 'अजून थांब.' 'पाण्याचा घोट घे.' 'आता जनेलाकडे बघ.' 'रडू नको आक्का, राग येऊ दे.' आणि आत्या थांबत होती, घोट घेत होती, जनेलाकडे बघत होती. शूटिंगनंतर सरांनी आवाज न लावता त्यातला दुसरा टेक बघितला होता, आणि त्या जनेलापाशी बोट ठेवून सेजलला म्हणाले होते, इथे तू दिग्दर्शक झालीस. तिने मान डोलावली होती. आता खोलीत दुसरं कुणी नसताना तिला लाज वाटली.

तिने डोळे मिटून पुन्हा ऐकलं. घरात दोन माणसं होती. एक बाई, आणि तिच्या कानाशी कुणीतरी, जो आता दिसत नाही.

सुरुवातीला नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीचा एक शॉट घालून तिने तो दुसरा टेक कुजबुजीसकट, न कापता लावला. सर म्हणाले, आवाजाचे मार्क जातील. ती म्हणाली, जाऊ देत.

घरी मात्र रघुनाथ त्या रविवारपासून विचारलं तेवढंच बोलत होता, आणि तेही मोठ्याने, चुकून कुजबूज व्हायला नको म्हणून. सॉरी म्हणायची या घरात पद्धत नव्हती. सेजलने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि शुक्रवारी फिल्म दाखवणार आहेत, यायचं, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, दुकान आहे. शेवटी शेवंतीआत्याने त्याला ओढला. रघू शेजारी नसला तर आपल्याला आपलं काम बघतासुद्धा येणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

कॉलेजचं सभागृह अंधारलं. सेजल भिंतीला टेकून उभी होती आणि पडद्याकडे बघतच नव्हती. ती तिसऱ्या रांगेकडे बघत होती. चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून कुजबूज आली तेव्हा रघुनाथने आधी मागे वळून पाहिलं, कोण बोलतोय म्हणून. मग आत्याने त्याला कोपर मारलं. त्याने तोंडावर हात ठेवला तो फिल्म संपेपर्यंत काढला नाही. एकतीस वर्षांत जी कुजबूज पहिल्या रांगेला पोचली नव्हती ती शेवटच्या रांगेला ऐकू जात होती, आणि कुणी हसत नव्हतं.

दिवे लागले. आता सेजलने परीक्षकांपुढे आपल्या फिल्मविषयी दोन मिनिटं बोलायचं होतं. चार दिवस स्वयंपाकघरात भांडी घासताना तिने ते घोकलं होतं. ती समोर गेली, तोंड उघडलं, आणि आत काही नव्हतं. पुण्याच्या परीक्षक बाई पेन धरून वाट बघत होत्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक बारीक धागा निघाला आणि नेमका तिच्या कानात आला. 'ज्या घरात मी वाढले...'

"ज्या घरात मी वाढले," सेजल म्हणाली आणि बोलत सुटली. पहिल्या रांगेतल्या बाईंना काही ऐकू गेलं नाही. शेवटचं वाक्य तालमीतलं नव्हतं, त्यामुळे तिकडून काही आलं नाही; ते तिचं तिलाच म्हणावं लागलं.

"आत्याने कुठे थांबायचं, कुठे बघायचं, ते मी सांगितलेलं नाही. ते माझ्या बाबांनी सांगितलं. तो आवाज त्यांचा आहे."

"मग त्या जागी तुम्ही काय केलंत?" बाईंनी विचारलं.

सेजल म्हणाली, "मी तो काढला नाही."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आवाजाचे आठ मार्क कापले गेले, आणि संध्याकाळी फलकावर पुण्यासाठी नाव लागलं ते सेजलचं.

डिचोलीच्या बसमध्ये शेवंतीआत्या बसल्याबसल्या झोपली. म्हापसा मागे पडल्यावर रघुनाथ म्हणाला, "तिसऱ्या वाक्याला घाई केलीस. मी सांगायच्या आधीच धावलीस."

"रीटेक नव्हता ना, बाबा."

"भय वाटलं?"

"वाटलं."

"बरं झालं," रघुनाथ म्हणाला.