प्रतिस्पर्धी शोधणारा चक्कीवाला

यवतमाळच्या कॉलेजात स्पर्धा कायद्यावर माझं तासभर व्याख्यान झालं. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या तांड्यावर एकच चक्की आहे. तिथं तुमचा कायदा काय करते?" मी तिच्याकडून आर्णीजवळच्या त्या तांड्याचा पत्ता लिहून घेतला. वीस वर्षं हाच विषय शिकवतेय मी, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता! दुसऱ्या दिवशी तणतणतच आर्णीच्या एसटीत बसले.

घाईघाईत एक फाटा आधीच उतरले. मग काय, दोन्ही बाजूंना कपाशी आणि मधून पर्स सांभाळत मी. वेचणीच्या बाया मनसोक्त हसल्या.

चक्कीवाल्या हरसिंगभाऊंना मी मनात आधीच आरोपी ठरवलं होतं. एकटाच दुकानदार म्हणजे मनमानी आलीच. पण माझा विषय ऐकताच ते म्हणाले, "मॅडम, मीच दुसरी चक्की उभी करून देऊन राह्यलो. एक दिवस बंद ठेवली तं अख्ख्या तांड्याची बाटी (भाकरी) बंद होते. पोरगी वर्ध्याले दिली. तिले लेकरू झालं, थे बी अजून पाह्यलं नाही मी."

मक्तेदाराची कीव येईल असं कधी वाटलं नव्हतं.

शेजारच्या कमलाबाईंना त्यांनी आपली जुनी मोटर दिली होती. दगड टाकवायलाही (घासलेल्या दगडाला छिन्नीनं खाचा पाडायला) शिकवलं होतं. मी पोचले त्याच सकाळी कमलाबाईंची चक्की सुरू झाली, पण दळणाचे डबे सगळे हरसिंगभाऊंच्याच दारात!

"अवो, तिकडं जा नं!"

"इतके दिवस तुमी दळून देल्लं, भाऊ. आता तोंड कसं फिरवावं?" एक बाई म्हणाली.

हरसिंगभाऊ भडकले. त्यांनी खाडकन शटर ओढलं, स्वतःच्या ज्वारीचा डबा उचलला आणि कमलाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मग एकेक डबा त्यांच्या मागे सरकत आला.

पीठ चिमटीत धरून ते म्हणाले, "जाड आलं, बाई!"

"मंग तुमच्याच चक्कीवर जा!"

"थे बंद आहे," ते म्हणाले आणि सगळा तांडा हसला. दुपारी कमलाबाईंनी आम्हा दोघांना त्याच पिठाची बाटी आणि ठेचा वाढला. काय चव होती! संध्याकाळी हरसिंगभाऊ माझ्याच एसटीनं यवतमाळपर्यंत आले आणि तिथून वर्ध्याच्या गाडीत बसले.

घरी परतल्यावर चार दिवसांनी त्यांना फोन केला, तर मागे बाळ रडत होतं.

"काय हो, अजून तिथंच?" मी चिडवलं.

"काहून येऊ? कमलाबाईची चक्की मस्त चालून राह्यली!"

धंदा दुसरीकडे चाललाय म्हणून इतका खूश झालेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.