फोटोच्या पोटातली चिठ्ठी

या वेळी मी पहिल्याच रिंगला फोन उचलला. सकाळची पाळी संपवून हिंगण्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने परतत होतो, आणि स्क्रीनवर माझ्या पुतणीचं, प्राचीचं नाव आलं. "काका, आई गेली," एवढंच ती बोलली. न्यूमोनियामुळे चार दिवस दवाखान्यात असलेल्या सुषमावहिनी त्या दुपारी गेल्या. "निघालोच," मी म्हणालो, आणि उरलेल्या रस्त्यात माझ्या मनात जे आलं त्याची मला अजून लाज वाटते. मला वाटलं, निदान या वेळी तरी याने फोन उचलला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही... असं का वाटलं, ते सांगायलाच दोन महिन्यांनी हे लिहायला बसलो आहे. वहिनींचे गुण सांगणारे पुष्कळ भेटले. माझ्याजवळ त्यांच्याविषयी सांगण्यासारखं जे आहे, त्यात माझाच दोष जास्त आहे.

तेरवीच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा चिडलो. घरात हजारो फोटो, पेट्यांत, लॅपटॉपमध्ये, पेनड्राइव्हवर. आणि वहिनी त्यांतल्या कशातच धड नाहीत. कारण फोटो काढणाऱ्या त्याच. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. फ्लेक्सवाल्याने त्याभोवती जांभळी फुलं, दोन पणत्या आणि वर उडणारं कबूतर टाकलं. मी पास करून टाकलं, कारण घाई होती. चौकात तो फ्लेक्स लागला तेव्हा वहिनींचं एक वाक्य आठवलं: "फुलं भरली का माणूस दिसत नाही, भाऊजी." फोटोभोवती काय ठेवावं आणि काय ठेवू नये, हे ज्या बाईला आमच्या अख्ख्या घराण्यापेक्षा जास्त कळत होतं, तिचाच फोटो आम्ही असा केला.

प्राची नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला हात लावायचा नाही. वहिनींनी लावला. कुठूनतरी त्यांना बायकांचा एक ऑनलाइन ग्रुप सापडला, 'कात्री-गोंद' नावाचा. गंमत म्हणजे तिथे कात्रीही नव्हती आणि गोंदही. पूर्वी लोक वहीत फोटो चिकटवत, भोवती रंगीत कागद लावत, खाली चार ओळी लिहीत. तेच सगळं या बायका कॉम्प्युटरवर करायच्या. सांगलीच्या मेघनाताई ग्रुप चालवायच्या आणि दर सोमवारी एक चॅलेंज द्यायच्या. या आठवड्यात तीनच रंग. या आठवड्यात स्वयंपाकघरातली एक वस्तू आणि ती वापरणारे हात. या आठवड्यात फोटोत माणूस नको, पण पान माणसावर हवं. वहिनी सोमवारी वरण-भाताचा कुकर लावतानाच चॅलेंज वाचायच्या आणि आठवडाभर ते डोक्यात घेऊन फिरायच्या. त्या उमरेडच्या, वडिलांचा हातमाग होता. आईच्या जुन्या साड्यांचे करवती काठ त्यांनी माझ्याच स्कॅनरवर स्कॅन केले, नीट कापले आणि पानांना लावले. ग्रुपमधल्या बायका तो काठ मागायला लागल्या. वहिनींनी सगळ्यांना देऊन टाकला. कुठल्या कुठल्या गावच्या नातवंडांच्या बारशाच्या फोटोंना आमच्या वहिनींच्या आईच्या साडीचा काठ लागला.

मी हसायचो. "वहिनी, फोटोले साडी नेसवता काहून?" असं सगळ्यांसमोर विचारायचो. त्या म्हणायच्या, "नेसवते. तुमच्या फोटोले धोतर नेसवीन, मंग पाहा." पण मी एकेकाळी कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून काही अडलं की फोन मलाच. त्या सॉफ्टवेअरमध्ये पान एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखं असतं. एका थरावर, म्हणजे लेयरवर, फोटो, एकावर काठ, एकावर अक्षरं. प्रत्येक थराला एक लहानसा डोळा असतो. तो बंद केला की थर दिसत नाही. वहिनींच्या हातून डोळा बंद व्हायचा आणि कारखान्यात मला फोन यायचा, "भाऊजी, लेयर दिसून नाही राहिला." मागून दादाचा आवाज, "तुह्या वहिनीचा डोळा बंद पडला गा, ये लवकर." सुरुवातीला मी समजावून सांगायचो. नंतर पाळी संपल्यावर फोन करायचो. मग तेही राहून जायला लागलं...

आता ती गोष्ट. चार वर्षांपूर्वी एका दुपारी मी कॉम्प्रेसरचं काम बघत होतो. खिशातला फोन थरथरला. वहिनी. लेयर असेल, म्हणून कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा सायलेंटवर टाकून खिशात ठेवला. बाहेर आलो तेव्हा सात कॉल होते. दादा न्हाणीत पडला होता. वहिनींनी एकट्याने त्याला बाहेर ओढलं, शेजारच्याला हाक मारून ऑटोत घातलं. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. पण मी फोन उचलला असता तर त्या अर्ध्या तासात त्या एकट्या नसत्या, एवढा फरक तर पडलाच असता. मी सगळ्यांना सांगितलं, फोन लॉकरमध्ये होता. यंत्रावर काम करताना कारखान्यात तसा नियम आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वहिनींनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं."

वहिनींच्या 'बरं'ला मी नेहमीच होकार समजत आलो. माझ्या सोयीचं होतं ते.

दादा गेल्यावर वर्षभराने त्या पुन्हा पानं करायला लागल्या. मी रविवारी जायचो, फोन मात्र त्यांनी मला परत कधी केला नाही. अडलं ते लिहून ठेवायच्या आणि मी गेलो की विचारायच्या. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप फार हळू चालायला लागला. उन्हाळा होता. त्यांनी तो लाकडी पाटावर, कूलरसमोर ठेवला होता, तरी तापायचा. मी बसलो साफ करायला. बघतो तर प्रत्येक पानाच्या दोन फायली: एक लहान, साधं चित्र, दुसरी अवाढव्य. उघडून पाहिलं, दोन्हींत दिसतं तेच. मला वाटलं, यांनी सगळं दोनदा साठवलंय. मोठ्या फायली एका फटक्यात काढल्या, कचरापेटीही रिकामी केली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "घ्या, आता पळते तुमचा लॅपटॉप. ठेवता तरी काय काय!" त्यांनी फोल्डर उघडला. वर-खाली पाहिलं. "त्या मोठ्या फायली कुठं गेल्या, भाऊजी?" मी म्हणालो, काढल्या, डबल होत्या. त्यांनी फोल्डर बंद केला. मग म्हणाल्या, "बरं. हलकं झालं." आणि चहा थंड होईल म्हणाल्या.

मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस. लहान फाइल म्हणजे सगळे थर दाबून एक केलेलं चित्र, त्यातलं मग काहीच सुटं होत नाही, हे मला कळायला हवं होतं. पाच मिनिटं थांबून विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. या दुसऱ्या गोष्टीचा मला आज इतका राग येतो की काय सांगू. ओरडायचं होतं ना, वहिनी. एक कप आपटायचा होता.

त्या फायलींत काय होतं हे मला वहिनी गेल्यावर तीन आठवड्यांनी कळलं. मेघनाताईंचा फोन आला. ग्रुपमध्ये सगळ्या जणी वहिनींच्या आठवणीत त्यांचाच काठ लावून पानं करणार होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तिच्या पोटातल्या चिठ्ठ्या तुम्ही काढून ठेवल्यात ना?" मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. जुन्या वह्यांत फोटो एकाच बाजूने चिकटवून त्याखाली मजकूर लिहायची पद्धत होती. फोटो उचलला तरच दिसणार. ग्रुपनेही ती पाळली. फोटोच्या खाली एक थर, त्यावर चिठ्ठी, आणि त्याचा डोळा बंद. पान सगळ्यांना दाखवायचं, चिठ्ठी कुणालाच नाही. वहिनींच्या प्रत्येक पानात ती होती. "त्या स्कूटरच्या पानाची चिठ्ठी लिहायला तिला दोन दिवस लागले म्हणे," मेघनाताई म्हणाल्या. "तुम्ही दोघं भाऊ आहात ना त्यात?"

ते पान मी पाहिलेलं होतं. दादाची जुनी स्कूटर, दादा पुढे, मी मागे, मिशी नुकती फुटलेली. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षीचा फोटो. मी विचारलं, चॅलेंज काय होतं. "फोटो काढणारी कुठे आहे? नवा फोटो न काढता स्वतःला पानावर आणायचं," त्या म्हणाल्या. मला ते चॅलेंज आणि तो फोटो जुळेना. माझ्या डोक्यात एकच होतं: दोन दिवस लागलेली चिठ्ठी, माझ्या फोटोखाली. त्यात लॉकर असणार. माफ केलं असेल, नाहीतर नसेल केलं. पण लिहिलं असणार.

दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन सदर भागातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, पुसलेल्या फायली परत मिळतात का बघायला. दुकानदाराने तो आठवडाभर ठेवून घेतला. फायलींची नावं परत आली, फायली नाही. एकही उघडेना. "सर, ह्याच्यावर नंतर दुसरं लिहिल्या गेलं ना," तो म्हणाला, जणू चूक लॅपटॉपची.

मात्र घरी येऊन शोधताना एक फोल्डर दिसला, 'पुन्हा' नावाचा. वहिनींनी पहिल्या पानापासून सगळं नव्याने करायला घेतलं होतं. ग्रुपला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की लॅपटॉप बिघडला. अकरा पानं पूर्ण होती. त्यांतल्या चिठ्ठ्या मी वाचल्या नाहीत. त्या प्राचीला दिल्या. बारावं पान स्कूटरचं. काठ लावलेला, आणि मधे फोटोच्या जागी नुसती राखाडी चौकट. तिच्याखाली 'चिठ्ठी' नावाचा थर, डोळा बंद. डोळा उघडला... थर कोरा होता.

मेघनाताईंना विचारलं. "फोटो ठेवल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा आमचा नियम," त्या म्हणाल्या. "तोंड बघून लिहायचं." आणि फोटो का नव्हता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. फोटोचं स्कॅनही त्या साफसफाईत गेलं होतं, आणि उरलेल्या लहान चित्रातली तोंडं मोठी केली की धूसर व्हायची. मूळ छापलेला फोटो माझ्या घरी माळ्यावरच्या अल्बममध्ये होता. वहिनींनी तीनदा मागितला. पोळ्याच्या दिवशी म्हणाल्या, "भाऊजी, तो स्कूटरवाला फोटो आणता का?" संक्रांतीला पुन्हा. शेवटचं दवाखान्यात नेण्याआधीच्या रविवारी. तिन्ही वेळा मी म्हणालो, आणतो ना.

हे सगळं छापायला देण्याआधी प्राचीला वाचून दाखवलं, लॉकरसकट. ती म्हणाली, "आईला माहीत होतं, काका."

"कसं?"

"कट केलेला फोन कळतो ना. लॉकर कट नाही करत."

मी विचारलं, काही म्हणायची का. "मले तर काही नाही म्हणाली," प्राची म्हणाली आणि उठून पाणी प्यायला गेली. म्हणजे चार वर्षं मी 'लॉकर' म्हणत राहिलो आणि त्या 'बरं' म्हणत राहिल्या.

परवा माळ्यावर चढलो. अल्बम सापडायला दहा मिनिटं लागली. दहा. फोटो स्कॅन केला आणि वहिनींच्या पानावर राखाडी चौकटीत ठेवला. कुठे ओढावा लागला नाही, कापावा लागला नाही. चौकट त्याच मापाची होती. मूळ फोटो हाताशी नसताना त्यांनी माप नेमकं जुळवून ठेवलं होतं. मोठा करून बघत होतो, माझा चेहरा, दादाचा चेहरा... आणि खाली, स्कूटरच्या पुढच्या चाकापाशी, एक सावली. तीस वर्षं मी ती विजेच्या खांबाची समजत होतो. खांबाला कोपर नसतात. डोक्यावरून पदर, दोन्ही कोपर बाहेर काढून डोळ्याशी धरलेला कॅमेरा. नव्या नवरीची सावली, दादाच्या पायापर्यंत पोचलेली. फोटो काढणारी तिथे होती.

ते पान माझ्यावर नव्हतंच. चिठ्ठी मला होती, दादाला होती, की त्या नव्या नवरीने स्वतःलाच लिहिली होती, हे आता कळणार नाही. मी त्या कोऱ्या थरावर काही लिहिलं नाही. ती जागा माझी नाही. डोळा त्यांनी ठेवला होता तसा बंद केला आणि पान सेव्ह केलं, लहान फाइल आणि मोठी, दोन्ही. लॅपटॉप वहिनींच्या घरी, तिथेच पाटावर, कूलरसमोर आहे. झपकन सुरू होतो, पळतो. जागा भरपूर आहे त्यात.