माझ्या बोलण्याचा वेग

गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा भाजीचा मळा आहे. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मी तिथली भरात आलेली वांग्याची झाडं उपटायला लागलो. अख्ख्या मळ्यात गुलाब लावायचा आणि गाड्या भरून हैदराबादला पाठवायचा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. आठवडाभर झोप जेमतेम दोन-तीन तास, तरी थकवा म्हणून नव्हता. बायको बांधावरून म्हणाली, "काऊन उपटून राह्यले? फळ लागलंय ना." मी तिच्यावरच ओरडलो.

दोन महिन्यांनी तोच मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. आंघोळ नको, भाकर नको. सासरे म्हणाले, बाहेरचं काहीतरी असेल. बायकोनं त्यांचं ऐकून घेतलं आणि मला बसमध्ये बसवून आदिलाबादला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी वांग्यांचं सगळं खोदून विचारलं. मग म्हणाल्या, ती तेजी आणि ही उदासी एकाच आजाराच्या दोन बाजू आहेत, त्याला बायपोलर म्हणतात. रोज गोळ्या, वेळेवर झोप, अधूनमधून रक्ततपासणी.

उदासी हा आजार, हे मी लगेच मानलं. पण आयुष्यात सगळ्यात छान वाटलं ते दिवसही आजारातलेच, हे पचायला वर्ष गेलं. मध्ये एकदा गोळ्या सोडल्या आणि पुन्हा पडलो. त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवलं: माझं बोलणं भराभर व्हायला लागलं की तिनं सांगायचं, मी चिडायचं नाही, आणि मोठं काही करायचं तर आठ दिवस थांबायचं.

गेल्या वर्षी मी तिला मोठी रोपवाटिका काढायच्या बेताबद्दल सांगत होतो. ऐकता ऐकता ती म्हणाली, "तुमी लवकर लवकर बोलून राह्यले."

राग आलाच. तो गिळून मी बाईंना फोन केला. त्यांनी बोलावून औषध थोडं बदललं. चार दिवसांत झोप जागेवर आली. आठ दिवसांनी पाहिलं, तर कल्पना वाईट नव्हती, फक्त फार मोठी होती. "चार वाफे करून पाहू," बायको म्हणाली.

आता मिरची-टमाट्याची रोपं न्यायला लांबून लोक येतात. परवा नेरडीगोंड्याहून आलेला एक जण रोपं घेऊनही जाईना. शेवटी हळूच म्हणाला, "दादा, माझी बहीण महिनाभर झोपली नाही नीट. तुमाले माहीत आहे म्हणतात."

बायकोनं त्याच्यासाठी बाज टाकली, चहा ठेवला. मी त्याच्याजवळ बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.