पाण्याच्या तोंडाशी खुर्ची

हिंजवडीहून घरी परतताना मी नदीपात्रातला रस्ता धरायचो. धरणातून पाणी सोडलं की तो बुडायचा. पोलीस बॅरिकेड लावून जायचे आणि घाईतले लोक ते बाजूला सारून गाड्या घालायचे. म्हणून एक आजोबा तिथे पाण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. मांडीवर छत्री, डोक्याला कानटोपी. कोणी हॉर्न वाजवला की आधी सावकाश चष्मा पुसत, मग वर बघत.

एका संध्याकाळी ऑफिसातून मी पार पिळून निघालो होतो. काच खाली करून म्हटलं, "आजोबा, सरका जरा. गाडी उंच आहे, जाईल."

"जाईल की. कुठे जाईल, ते पाणी ठरवेल."

"अहो, पलीकडे रस्ता दिसतोय!"

"पलीकडचा दिसतोय. मधला दिसतोय का आपल्याला?"

मध्ये नुसतं गढूळ पाणी धावत होतं. मागच्या गाडीतून त्यांना एक सणसणीत शिवी आली. पाणी चपलांपर्यंत चढलं होतं. ते उठले, खुर्ची जरा मागे ओढली आणि पुन्हा बसले.

"एवढ्या शिव्या खायला कशाला बसता?" मी विचारलं.

"शिव्या देणारा घरी पोचतो हो," ते दमल्या आवाजात म्हणाले. "एक जण हसून 'थँक यू, काका' म्हणाला आणि बाजूने गाडी घालून गेला. दुसऱ्या दिवशी सापडला."

मी गाडी वळवली. लांबच्या पुलावरच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या.